कार्बन फायबरचं स्टिकर आणि फाटलेलं रबर

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं, की तिचं इंटिरियर आता 'अपग्रेड' करायला हवं. खिशात पैसे कमी असले तरी चिंता नको, त्याचीही सोय बाजाराने करून ठेवली आहे. कार्बन फायबरसारखं दिसणारं स्टिकर, लाल दोऱ्याची शिलाई मिरवणारी सीट-कव्हरं, मीटरभोवती बसवायच्या चकचकीत रिंगा, शर्यतीच्या गाडीसारखं स्टिअरिंग. माझं म्हणणं असं, की यातल्या बहुतेक गोष्टी पैशांचा चुराडा आहेत आणि एक-दोन तर जिवावर बेतणाऱ्या आहेत.

हवेत बोलायला नको म्हणून एकच गाडी घेऊ : पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-5. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या ऑटो शोत ती लोकांसमोर आली आणि 1997पर्यंत अशा चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या. भारतात ती अधिकृतपणे कधी आलीच नाही. पण अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये बेताच्या पगारात स्पोर्ट्स कारची हौस भागवणाऱ्यांची, त्यात आपले मराठी लोकही आले, नजर आधी हिच्याकडेच जाते.

तोशिहिको हिराई यांच्या चमूने ही गाडी आखताना ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवला. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही जपानी कल्पना – 'जिन्बा इत्ताई' – त्यांच्यासमोर होती. गाडीचं वजन भरलं जेमतेम साडेनऊशे किलोच्या आसपास. सीटच्या कापडाची वीण तातामी चटईवरून सुचलेली. डॅशबोर्डवर गरजेपुरती मीटर आणि बटणं, बाकी मोकळं. हा साधेपणा विचार करून आणलेला आहे. त्यावर नकली कार्बन फायबर चिकटवणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. काळ्या पाषाणाच्या देवळांना भडक ऑइलपेंट फासून आपण जीर्णोद्धार केल्याचं समाधान मिळवतोच की! कार्बन फायबर खरं असेल तर वजन घटवतं. त्याचं स्टिकर वजनात थोडी भरच घालतं.

मग थोडक्या पैशांत करायचं काय? आधी पाणी थांबवा. या गाडीच्या कापडी टपावर पडणारं पावसाचं पाणी सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली उतरतं. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा अडकून त्या तुंबतात. मग पाणी आत शिरतं, गालिचा कुजतो आणि दाराखालचा पत्रा आतून गंजत जातो. लांब, लवचिक पट्टी घालून या नळ्या साफ करायला जवळपास फुकटात जमतं. हे न करता वर नवा गालिचा अंथरणारे लोक आहेत, आणि पुढच्या पावसाळ्यात तोही कुजतो.

दुसरी गोष्ट गिअरची. दांड्याभोवतीचं चामडं फाटलं की लोक हौसेने लाल दोऱ्याचं नवं बसवतात. त्या चामड्याखाली मात्र गिअरबॉक्सच्या तोंडाशी रबराचं एक आच्छादन असतं. तीस वर्षांत ते फाटलेलं असतं, म्हणून खालची उष्णता आणि घरघर थेट केबिनमध्ये येते. ते रबर बदलायचं, दांड्याच्या बुडाशी असलेलं थोडंसं तेल ताजं करायचं, की गिअर पुन्हा नव्यासारखे पडू लागतात. कुणाला दिसणार नाही, फोटोत येणार नाही. पण गाडी चालवताना दर वेळी हाताला कळेल.

तिसरी गोष्ट सीट. उंच माणसाचं डोकं टपाला टेकतं, म्हणून तो बाहेरच्या सीटच्या मागे लागतो. मूळ सीटचं कापड सोडवून बैठकीतला फोम थोडा कापला तरी अनेकांचं काम भागतं. पुष्कळ जण हे घरच्या घरी, पाव कापायच्या विजेच्या सुरीने करतात. फक्त कापण्याआधी मापं घ्यावीत, कारण कापलेला फोम परत जोडता येत नाही.

आता जिवाचा प्रश्न. अमेरिकेत विकलेल्या या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये पहिल्यापासून एअरबॅग आहे. ते स्टिअरिंग दिसायला बोजड आहे, कबूल. पण ते काढून शोभेचं चाक बसवणारा माणूस धडकेच्या वेळी चेहरा आणि लोखंड यांच्यामधली उशी काढून टाकतो. शर्यतीचे चार टोकांचे पट्टे त्याहून वाईट. रोल बार नसलेल्या उघड्या गाडीत ते धड ताठ बांधून ठेवतात. गाडी उलटली तर वाकायला जागाच उरत नाही, भार मान आणि डोक्यावर येतो. शिवाय मधला, पायांतून येणारा पट्टा नसल्याने समोरून धडक बसल्यावर कमरेचा पट्टा वर सरकून पोटात रुतू शकतो. कारखान्यातून आलेला तीन टोकांचा साधा पट्टा रस्त्यावर अधिक शहाणा आहे.

'गाडी माझी, पैसे माझे, हौस माझी, तुमच्या पोटात का दुखतं?' हा प्रश्न येणारच. हौसेला माझी हरकत नाही. लाकडी नॉब लावा, आवडीच्या रंगाचं कापड चढवा, फक्त मूळ वस्तू माळ्यावर जपून ठेवा. पण शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाने तुमच्या हौसेवर सही केलेली नसते, आणि पुढे ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्यानेही नाही.

माझा खरा राग हौशी माणसावर नाहीच. तो आहे, कमी पैसेवाल्याला त्याच्या कमी पैशांची लाज विकणाऱ्या धंद्यावर. तुझी गाडी जुनी दिसते, गरीब दिसते, एवढं मनात भरवलं की स्टिकर आपोआप खपतं. फाटलेल्या रबराची जाहिरात कुणी करत नाही, कारण ते एकदा बदललं की पुढची कित्येक वर्षं गिऱ्हाईक परत येत नाही. खुद्द माझ्दाने 2017मध्ये जपानात या जुन्या गाड्या दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा कंपनीने पुन्हा घडवलं ते मूळचं कापडी टप, मूळचं लाकडी स्टिअरिंग, मूळ मापाचे टायर. ज्यांनी गाडी बनवली त्यांना तिच्यात नवं काही चिकटवावंसं वाटलं नाही. आपलं बजेट कंपनीइतकं नसेल, पण हे शहाणपण आपल्याला फुकटात मिळतं आहे. तेव्हा स्टिकरची ऑर्डर रद्द करा आणि आधी त्या नळ्या साफ करा.