आमच्या दोन खोल्या कुठल्या कागदावर आहेत?

दिवेआगरात पर्यटनावर जगणाऱ्या किती तरी घरांना दुकानासारखी पाटी नाही. मागच्या पडवीला भिंती घालून काढलेल्या दोन खोल्या, वाडीच्या कडेला बांधलेली न्हाणीघरं आणि घरच्याच चुलीवर रांधलेलं जेवण. आमचंही तेच. ताटं मी आणि सासूबाई वाढतो, चादरी आळीतलीच एक बाई धुते, शहाळी वाडीतली.

हे सगळं उभं राहिलं ते 17 नोव्हेंबर 1997 नंतर. त्या दिवशी एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि नारळी-सुपारीवर जगणाऱ्या गावात दर्शनाला गाड्या येऊ लागल्या. लोकांना जेवायला हवं होतं, रात्री टेकायला जागा हवी होती. मार्च 2012 मध्ये मुखवटा चोरीला गेला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि गाड्या एकदम कमी झाल्या. तेव्हा समुद्रकिनाऱ्याने गाव सावरलं. त्या चोरीला आठ वर्षं होत असताना, 24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता, करोनामुळे टाळेबंदी जाहीर झाली.

शहरातल्या वाचकांना आमच्या धंद्याचं गणित माहीत नसतं म्हणून सांगते. आमची कमाई मे महिना, दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या एवढ्याचीच. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या. मार्चमध्ये आम्ही हातातला सगळा पैसा खोल्यांवर घालतो: रंग, गाद्या, पंपाची दुरुस्ती, डाळ-तांदूळ भरून ठेवणं. तो मेमध्ये सुटतो. म्हणजे टाळेबंदी आली ती पैसा घालून झाल्यावर आणि हातात काही यायच्या आधी. मेच्या खोल्यांसाठी पाहुण्यांनी पाठवलेली आगाऊ रक्कमही त्यातच गेलेली. काहींनी फोन करून ती परत मागितली. त्यांची चूक नव्हती, त्यांचेही पगार कापले जात होते. सासूबाईंनी एकच सांगितलं, मागेल त्याचे द्यायचे, लागलं तर थोडे थोडे द्यायचे, पण नाही म्हणायचं नाही. आम्ही तसंच केलं. काही जुन्या पाहुण्यांनी मात्र पैसे राहू द्या, पुढे येऊ तेव्हा बघू, असं सांगितलं. त्यांची नावं सासूबाईंच्या देवघरातल्या वहीत अजून आहेत.

त्या काळात गावात एक वेगळीच घालमेल होती. ज्यांची आम्ही वर्षभर वाट बघायची, तेच मुंबई-पुण्याचे लोक येऊ नयेत म्हणून रस्त्यावर ओंडके टाकले गेले. भीती खरी होती. मोठं दुखणं आलं तर माणगाव किंवा अलिबाग गाठायचं, आणि गावात म्हातारी माणसं जास्त. बाहेरून आलेल्या आपल्याच मुलांना शाळेत चौदा दिवस ठेवलं तेव्हा आयांनी लांबून डबे ठेवले. पर्यटन बंद ठेवा असं ग्रामस्थ म्हणत होते आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरात खोल्या होत्या. पोट आणि जीव यांतलं एक निवडायची पाळी आली तेव्हा गावाने जीव निवडला. या निवडीची किंमत गावानेच एकट्याने भरली, आणि माझं दुखणं इथून सुरू होतं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. खोल्यांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आमच्या आळीत कितीतरी दिवस रात्री कंदील होते. पण खरा घाव वाडीवर बसला. सुपारीची झाडं एकावर एक पडून वाडीत पाऊल टाकायला जागा राहिली नाही. सासऱ्यांच्या हातची झाडं होती ती. श्रीवर्धन-दिवेआगरकडची रोठा सुपारी नावाजलेली आहे, आणि पर्यटक नसले तरी सुपारी आहे हाच आमचा आधार होता. सुपारीचं रोप लावल्यापासून हातात काही यायला सहा-सात वर्षं जातात. एका वर्षात दोन्ही आधार गेले.

सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले. आधीच्या दरापेक्षा ही वाढ मोठी होती, हे मी मानते. पण कोकणात वाडी हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. एका हेक्टरचे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. दहा गुंठ्यांची वाडी असेल तर पाच हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात निघत नाही. बरीच ओरड झाल्यावर झाडामागे मदत देण्याचा विचार झाला. पण वाडीचं निदान मोजमाप तरी झालं, तलाठी आले, पंचनामा झाला. खोल्यांचा पंचनामा कुणी केला नाही. पत्रे उडालेली खोली घराचा भाग म्हणून लिहिली गेली. तिच्यात राहणारे पाहुणे, ते नसल्याने बुडालेली कमाई, चादरी धुणाऱ्या बाईचे पैसे, यांसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

मदतीच्या योजना आल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. त्या आमच्या शेजारून गेल्या. केंद्राने 2020 च्या मेमध्ये लहान उद्योगांना सरकारी हमीचं कर्ज जाहीर केलं. मी एका बँकेच्या शाखेत विचारायला गेले. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं: 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्या नावावर जे धंद्याचं कर्ज बाकी असेल, त्याच्या वीस टक्के आणखी मिळेल. आमच्या नावावर कर्ज नव्हतंच. खोल्या सुपारीच्या पैशातून, भिशीतून आणि माझ्या पाटल्या मोडून बांधल्या होत्या. किनाऱ्यावर भेळेची गाडी लावणाऱ्या शेजारणीने फेरीवाल्यांच्या दहा हजारांच्या कर्जाबद्दल ऐकलं, पण ती योजना शहरांतल्या फेरीवाल्यांसाठी. तिचा किनारा ग्रामपंचायतीत येतो. जून 2021 मध्ये पर्यटन मार्गदर्शकांना एक लाखापर्यंत कर्ज जाहीर झालं, ते सरकारमान्य मार्गदर्शकांना. आमच्याकडे घोडागाडी हाकणारा पोरगाच पाहुण्यांना सगळं गाव दाखवतो, त्याला मान्यता कोण देणार? कर्ज होतं त्यांचे हप्ते 31 ऑगस्ट 2020 पर्यंत पुढे ढकलले गेले. पाहुणे दिवाळीला येतात आणि हप्ता सप्टेंबरला सुरू झाला. व्याज तर सगळा वेळ चालूच होतं.

मग आम्ही तगलो कसे? किराणा दुकानदाराने वर्षभर उधारीवर माल दिला म्हणून. त्याचं स्वतःचं दुकानही पर्यटकांवरच चालायचं, तरी दिला. बायकांनी जे हाताला येतं ते केलं. पोह्याची मिरगुंडं, आमसुलं, कुळथाचं पीठ, वाल. एसटीने मालवाहतूक सुरू केल्यावर आणि ओळखीच्या टेम्पोने या पिशव्या पुण्या-मुंबईच्या जुन्या पाहुण्यांकडे गेल्या. आमच्या हातचं बिरडं जेवलेला माणूस आमच्याकडचे वाल डोळे मिटून घेतो, हे तेव्हा कळलं. पुरुष पडलेली झाडं तोडायला एकमेकांच्या वाडीत गेले. घोडेवाल्याचे हाल सगळ्यांत वाईट. खोली बंद ठेवता येते, घोड्याला रोज चारा लागतो. आमच्या भागातल्या एकाने घोडा विकला तेव्हा त्याची पोरं दोन दिवस नीट जेवली नाहीत.

जुलै 2020 मध्ये लॉज तेहतीस टक्के क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली. दोन खोल्यांचे तेहतीस टक्के कसे काढायचे? नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मोठं हॉटेल होतं, हे त्या एका आकड्यावरून दिसतं. नाताळात पाहुणे आले, हात थोडा मोकळा झाला, आणि एप्रिल 2021 मध्ये पुन्हा सगळं बंद. दुसरा मे गेला. सोन्याच्या गणपतीची 23 नोव्हेंबर 2021 च्या अंगारकीला पुन्हा स्थापना झाली, तेव्हापासून गाव हळूहळू उभं राहिलं. आज शनिवारी-रविवारी खोली मिळत नाही, आणि ते सगळं विसरायला होतं. म्हणूनच मी आत्ता लिहिते आहे.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याची नोंद असते त्याला संकटात मदत मिळते. आंब्याला हवामानावरचा विमा आहे, कारण सातबारावर आंबा लिहिलेला असतो. आमच्या खोल्या, खानावळी, भेळेच्या गाड्या, घोडागाड्या यांचीही ग्रामपंचायतीत एक वही हवी. तिच्यात चादरी धुणारी आणि भांडी घासणारी बाईही हवी, कारण तिला तर कुणी मोजतच नाही. न्याहारी निवास योजना आहे, 2023 पासून राज्याचं महिलांसाठी ‘आई’ धोरण आहे, त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाला मदत आहे. चांगलंच आहे ते. पण या योजना धंदा वाढवायला आहेत. सरकारच्या हुकमाने धंदा बंद ठेवावा लागला तर त्या दिवसांचं काय, याचं उत्तर त्यांत नाही. आणि पर्यटनाच्या गावांत कर्जाचे हप्ते हंगामाप्रमाणे बांधून द्यायला काय हरकत आहे? पीककर्जाची परतफेड हंगाम बघून ठरते. आमचाही हंगामच असतो.

गावातले काही जण म्हणतात, नोंद केली की कर मागे लागेल, विजेचा दर बदलेल, तपासण्या येतील. ही भीती खोटी नाही. म्हणून नोंदीबरोबर घरगुती दराची लेखी हमी मिळाली पाहिजे. पण कराच्या भीतीने नाव लपवायचं आणि वादळात नाव नाही म्हणून रडायचं, हे दोन्ही चालणार नाही, असं मी बचतगटात सगळ्यांना सांगते. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत आम्ही बायका हा ठराव मांडणार आहोत. वहीचे रकाने आखून तयार आहेत: घर, खोल्या, राबणारी माणसं, कमाईचे महिने. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरुड, काशीद इथल्या बायकांनीही आपापल्या ग्रामसभेत, नगरपालिकेत तो मांडावा. रकाने हवे असतील तर आम्ही पाठवू.