गणितास सोडचिठ्ठी?

दहावीचा निकाल लागला कीं पुण्यांत घरोघरीं एकच खल सुरू होतो: गणित ठेवावें कीं सोडावें? वैद्यकाकडे जाऊं इच्छिणारीं बहुतेक मुलें जीवशास्त्र घेऊन गणितास रजा देतात. आमच्या मतें ही घाई बरी नव्हे.

गणित सोडलें तरी भौतिकशास्त्र सुटत नाहीं, आणि राज्य मंडळाची त्या विषयाची प्रश्नपत्रिका दोघांनाहि एकच असते. बालभारतीनें २०१९ सालीं काढलेल्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत दुसरेंच प्रकरण गणिती पद्धतींचें असून त्यांत कलनाची तोंडओळख आहे. तेवढ्या शिदोरीवर दोन वर्षें कशीं निभावीं?

बीजगणितावर भागतें असें म्हणणारे सूत्रें पुढें करतात. पर्वतीवरून सोडलेला दगड दोन सेकंदांनीं सेकंदास १९.६ मीटर वेगानें पडत असतो, हें सूत्रानें निघतें खरें. पण हवेचा रोध नाहीं असें धरून! पावसाच्या थेंबाचें काय? त्याचा वेग वाढतो तसा रोधहि वाढतो, त्वरण क्षणोक्षणीं घटतें, आणि अखेर थेंब एकाच वेगानें खालीं येतो. हा क्षणाक्षणाचा हिशेब कलनावांचून होत नाहीं. ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त केला तोहि याच गरजेपोटीं. औषध रक्तांतून कसें ओसरतें हें जाणूं पाहणाऱ्या भावी डॉक्टरांसहि हीच विद्या लागते.

बीजगणितच कच्चें असलेल्या मुलावर कलन लादूं नये, हें आम्हांस मान्य आहे. त्यानें आधीं तें पक्कें करावें. परंतु ज्यास केवळ धास्ती आहे त्यानें जीवशास्त्राबरोबर गणितहि घ्यावें. मंडळाची तशी मुभा आहे.