बीम बदललं, कापड कोणतं?

परवा रात्री दीड वाजता मोबाइल वाजला. आमच्या नव्या ड्रमरचा मेसेज. एकच ओळ. 'दादा, तुला ड्रमर हवाय की झेरॉक्स?'

झोप उडाली, हे सांगायलाच नको!

तर मंडळी, आमच्या बॅण्डची गोष्ट थोडक्यात. भिवंडीत रॉक बॅण्ड? हसू नका. ज्या गावात लहानपणापासून लूमची खटाखट कानावर पडते, तिथल्या पोराला डबल बास ड्रमचं काय कौतुक? कॉलेजात आम्ही चौघं होतो. मी गिटारवर, एक बेसवाला, एक ड्रमर, एक गाणारा. प्रॅक्टिसची जागा म्हणजे एका मित्राच्या काकांचा बंद कारखाना, जिथली लूम्स भंगारात गेली होती. ते लोडशेडिंगचे दिवस. गंमत अशी, की लाइट असली की शेजारचे लूम्स सुरू, त्यामुळे आम्हाला आमचंच ऐकू यायचं नाही. आणि लूम्स बंद पडले की लाइट नाही, म्हणून अ‍ॅम्प बंद! हार्ड रॉक आम्ही निम्म्या वेळा मेणबत्तीत, साध्या गिटारवर वाजवलाय.

मग नेहमीचंच. गाणारा दुबईला अकाऊण्ट्समध्ये गेला. ड्रमर आधी पुण्याला, तिथून कॅनडाला. उरलो मी आणि बेसवाला. दहा-बारा वर्षं आम्ही दोघं भेटलो की 'एक अल्बम करायला हवा होता यार' म्हणायचो आणि चहा संपवून घरी जायचो.

यंदा ठरवलंच. करायचा. मानकोलीच्या एका गोदामात नाइट शिफ्ट करणारा तेवीस वर्षांचा ड्रमर मिळाला. कल्याणची एक शाळेतली बाई गायला तयार झाली, आवाज असा की पत्रा थरथरतो. मी खूष. दोघांना आमची कॉलेजातली जुनी रेकॉर्डिंग्ज पाठवली आणि सांगितलं, 'जसंच्या तसं बसवा.'

त्याचं उत्तर म्हणजे रात्री दीडचा तो मेसेज.

मला राग आला, खरं सांगतो. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना कशेळीच्या पुलावर नेहमीप्रमाणे अडकलो (भिवंडी-ठाणे प्रवासात एक अख्खा अल्बम आरामात ऐकून होतो, हा या रस्त्याचा एकमेव फायदा), तेव्हा हेडफोन लावला आणि मुद्दाम 'इव्हॉल्व्ह' लावलं. इंडस क्रीडचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बॅण्ड सुरू झाला. तेव्हा आपल्याकडे रॉक म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणं. यांनी स्वतःची गाणी केली. १९८८ मध्ये 'रॉक एन् रोल रेनेगेड', १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडीओला एमटीव्हीचं आशियातलं व्ह्यूअर्स चॉइस अवॉर्ड मिळालं. १९९५ मध्ये इंडस क्रीड याच नावाचा अल्बम. आणि १९९७ मध्ये बॅण्ड फुटला. संपलं.

संपलं असं वाटलं होतं. २०१० मध्ये ते पुन्हा जमले, पण सगळे नाहीत. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने तिघे. जयेश गांधींची गिटार, मार्क सेल्विनचा बेस, मार्क मेनेझिसचे ड्रम्स या नव्या फळीत नव्हते. बेसवर रुषाद मिस्त्री आला, ड्रम्सवर जय राव कवी. म्हणजे ज्या दोन वाद्यांवर हार्ड रॉकची अख्खी इमारत उभी असते, तो पायाच नवा!

आता अशा वेळी सोपा मार्ग काय? जुनी हिट गाणी नव्या पोरांकडून घासून घ्यायची आणि आठवणींवर तिकिटं खपवायची. यांनी २०१२ मध्ये काढला तो आठ नव्या गाण्यांचा अल्बम, मधल्या अल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी. मिक्सिंग केलं टिम पामरने, ज्याने पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला होता. ऐकलंत तर कळेल, ऐंशीच्या दशकातला तो केस उडवणारा रॉक यात नाही. गाणी सावकाश उलगडतात, ड्रम्स कुठे मागे राहतात, कुठे अचानक अंगावर येतात. आवाज उदयचाच, पण खालची जमीन दुसरी. नावही बघा ना, 'इव्हॉल्व्ह'.

बाहेरच्या जगातही हेच. १९७३ मध्ये डीप पर्पलचा गायक इयान गिलन आणि बेसवाला रॉजर ग्लोव्हर गेले. नवा गायक डेव्हिड कव्हरडेल कुठून आला? कपड्यांच्या दुकानातून! (भिवंडीकरांनी नोंद घ्यावी.) सोबत ग्लेन ह्यूज बेससह गायलाही. १९७४ चा 'बर्न' ऐकताना कव्हरडेल गिलनची नक्कल करतोय असं एकदाही वाटत नाही. एसी/डीसीचा बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' बाजारात होता. जॉन्सन बॉनसारखा गायला असता, तर आज तो अल्बम कुणी ऐकला असता?

हे सगळं डोक्यात घेऊन घरी आलो. जेवताना बाबांना सहज सांगितलं. बाबांनी उभं आयुष्य लूमवर काढलंय, रॉकमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, 'अरे, तुझं बीम बदललंय.'

बीम म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचं ते मोठं रीळ. ते संपलं की नवं चढवतात. कापड तेच काढायचं असेल, तर जुन्या बीमच्या शेवटच्या धाग्यांना नव्या बीमचे धागे एकेक करून गाठीने जोडायचे. हजारो गाठी, पण फणीतली मांडणी तशीच राहते. क्वालिटी बदलायची असेल, म्हणजे कापडच वेगळं हवं असेल, तर गाठींनी भागत नाही. सगळे धागे नव्याने ओवावे लागतात. वेळ जातो, पाठ मोडते.

'तुला जुनंच कापड हवंय का?' बाबांनी विचारलं. 'मग मार गाठी. पण सूत बघ आधी. जाड सूत बारीक फणीत घालशील तर तुटणारच. मग सुताला शिव्या देऊन काय उपयोग?'

मी गप्प. कारण मला जुनं कापड नकोच होतं. मला हवा होता माझा जुना मित्र. तो कॅनडात आहे, दोन पोरांचा बाप आहे, ड्रम्सच्या काठ्या कुठे ठेवल्यात हेही त्याला आठवत नाही. त्याची जागा भरायला मी एका तेवीस वर्षांच्या पोराला बसवलं होतं आणि वर त्याच्यावर चिडत होतो, की तू तो का नाहीस?

ऑफिसात आपण तरी दुसरं काय करतो? टीममधलं कुणी सोडून जातं, नवा जॉइनी येतो आणि आपण महिनाभर त्याला ऐकवतो, 'आधीचा असता ना, तर...' बिचारा लॅपटॉपमागे तोंड लपवून बसतो. सहा महिन्यांत पेपर टाकतो. मग आपण म्हणतो, हल्लीची पोरं टिकत नाहीत!

मी त्याला फोन केला. म्हटलं, 'शुक्रवारी ये. जुनी रेकॉर्डिंग्ज डिलीट कर. तुला हवं तसं वाजव.' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, 'दादा, खरंच?'

त्याने पहिल्याच गाण्याचा वेग कमी केला. मला ते गाणं पळतच लिहिलं गेलं असं वाटायचं. बाईंनी त्या संथ ठेक्यावर आवाज सोडला आणि मला माझेच शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले. शेजारचे लूम्स मध्येच सुरू झाले, माइकमध्ये आलेच. ठेवलेत तसेच.

रात्री तो कच्चा टेक कॅनडाला पाठवला. छातीत धडधड. सकाळी उत्तर आलं. 'यात मी कुठेच नाहीये रे.'

आणि खाली दुसरी ओळ. 'भारी वाजतंय. पुढचं कधी पाठवतोस?'