गावचा आराखडा आणि आपली वस्ती



धम्मदीक्षेने माणसाचे मन मोकळे होते, परंतु मन मोकळे झाले म्हणून वस्तीतील गटार आपोआप बांधले जात नाही आणि नळालाही आपोआप पाणी येत नाही. त्यासाठी राज्यकारभाराची जी वाट आहे तीच आपल्याला चालावी लागते. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या वस्त्यांचे आरोग्य ज्या कागदावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, त्या कागदाकडे आपले लक्ष फारच थोडे आहे, असे खेदाने म्हणावे लागते. तो कागद म्हणजे गावाचा विकास आराखडा. त्याविषयी आज आपल्याशी चार शब्द स्पष्टपणे बोलावयाचे आहेत.

परमपूज्य बाबासाहेबांना खेड्याविषयी भाबडे प्रेम नव्हते. 1932 साली मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतीच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना त्यांनी खेड्याऐवजी व्यक्ती हाच राज्यव्यवस्थेचा घटक मानला. गावकीच्या हाती सत्ता गेली म्हणजे गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला काय येते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. पुढे 73 वी घटनादुरुस्ती होऊन 24 एप्रिल 1993 पासून ती अंमलात आली. तिने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात पंचायतीतील जागा आणि अध्यक्षपदे राखून दिली. त्याचबरोबर आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांच्या योजना तयार करण्याचे काम पंचायतींकडे सोपविण्याची वाट मोकळी केली. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. पिण्याचे पाणी, आरोग्य व स्वच्छता, दवाखाने व प्राथमिक आरोग्य केंद्रे, महिला व बालविकास, दुर्बल घटकांचे कल्याण हे सारे त्यांत येतात. तेव्हा गाव बदलले आहे असा भ्रम नको. पण गावाच्या कारभारात आपल्याला घटनेने दिलेली जागा आहे, हेही विसरता कामा नये.

हा कारभार कसा चालतो ते नीट समजून घ्या. 2015 साली चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला आणि त्याच सुमारास ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने महाराष्ट्र शासनाने गावोगाव आराखडे करण्यास सांगितले. ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यातील कामांवर तो पैसा खर्च व्हावयाचा. जिल्ह्याच्या पातळीवर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समिती बसते आणि जिल्हा वार्षिक योजना ठरविते. त्या योजनेत अनुसूचित जाती उपयोजना हा स्वतंत्र भाग आहे. या समितीतील चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत, असे घटना सांगते. परंतु 2022 साली जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे तेथे प्रशासकच कारभार पाहत राहिले. लोकांनी निवडून दिलेला माणूस जेव्हा जिल्ह्याच्या सभागृहात नसतो, तेव्हा गावच्या सभेत आपण बोलणे अधिकच अगत्याचे होते.

आराखड्याचा आणि जीवन-मरणाचा संबंध काय, असे कोणी विचारील. 2023 च्या सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. सारा देश हळहळला आणि मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची आपणहून दखल घेतली. औषधखरेदी, मनुष्यबळ, खाटा यांची चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु हेही ध्यानात घ्या, की त्या रुग्णालयात नांदेडच्या दूरदूरच्या तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातूनही रुग्ण येतात. मैदानी भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात 3,000 व 20,000, असे शासनाचेच प्रमाण आहे. जेथे उपकेंद्राला कुलूप असते, गरोदर बाईची तपासणी वेळेवर होत नाही आणि वस्तीत गढूळ पाणी येते, तेथील रोगी अखेरच्या घटकेस मोठ्या रुग्णालयाच्या दारी जातो. त्या दारी जाण्यापूर्वीची सारी वाट गावाच्या आणि तालुक्याच्या नियोजनात आहे.

नियोजन कोणत्या मापाने होते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली. पुढे 52 गावे नव्या जागी वसविली गेली. हे पुनर्वसन मोठे होते, त्याची जगभर वाखाणणी झाली, आणि भूमिहीनालाही पक्के घर मिळाले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु त्या नव्या गावांत घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला. भूमिहीनाला 250 चौरस फूट आणि मोठ्या जमीनदाराला 750 चौरस फूट! ज्याच्या घरात माणसे अधिक त्याला घर मोठे, असे माप का लावले गेले नाही? पिढ्यान्‌पिढ्या ज्याला जमीन मिळू दिली नाही, त्यालाच जमीन नाही म्हणून घरही लहान. योजना करणाऱ्याच्या मनात द्वेष असण्याची गरज नसते. माप चुकीचे असले की अन्याय आपोआप घडतो. म्हणून माप ठरते त्या वेळी आपण तेथे हजर असले पाहिजे.

मोजणीचे सामर्थ्य किती असते ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखविले. ऊसतोडणीस जाणाऱ्या बायांची गर्भाशये काढली जात आहेत अशी कुजबूज पुष्कळ दिवस चालू होती. 2019 साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तोवर ते प्रत्येकीचे खाजगी दुखणे होते. आकडा पुढे येताच तो राज्याचा प्रश्न झाला. आपल्या वस्तीत किती घरांना शौचालय नाही, किती बालके कमी वजनाची आहेत, क्षयाचे किती रोगी आहेत, नळ किती दिवसांआड येतो, याची यादी आज आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

आता थोडे आपल्याच घरातले बोलू. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची योजना जिल्हा परिषदेमार्फत चालते. जुने लोक तिला दलित वस्ती सुधार योजना म्हणून ओळखतात. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे 15 टक्के आणि जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नाचे 20 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचे असतात. हा पैसा बहुधा कशावर जातो? सिमेंटचा रस्ता, कमान, समाजमंदिर यांवर. कंत्राटदाराला ते सोयीचे, पुढाऱ्याला उद्घाटनाला सोयीचे, आणि आपल्यालाही ते डोळ्यांना दिसते म्हणून समाधान वाटते. विहार आपल्याला हवेच. परंतु विहाराच्या मागे डबके साचून डासांची पैदास होत असेल, आणि मुलांना बसायला अंगणवाडीची खोली नसेल, तर आपण अग्रक्रम चुकीचा लावला असे म्हटले पाहिजे. भगवान बुद्धांनी रोग्याची सेवा स्वतःच्या हातांनी केली, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. तेच शील आराखड्यात उतरले पाहिजे. पाणी, गटार, शौचालय, अंगणवाडी, दवाखाना ही कामे आधी, कमान नंतर.

काही बांधव म्हणतील, ग्रामसभेत आमचे ऐकतो कोण? आम्ही थोडे, ते फार. सरपंच राखीव जागेवरचा असला तरी दोरी दुसऱ्याच्या हातात. ही तक्रार खोटी नाही. पण मग न जाण्याने काय साधते? ग्रामसभेत केलेली मागणी मान्य होवो वा न होवो, ती इतिवृत्तात लिहिली गेली म्हणजे पुरावा होतो. त्या पुराव्यावर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे, जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तोंडी तक्रार मात्र वाऱ्यावर जाते. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पाणी आणि बाळंतपण यांविषयी आपल्या भगिनी जितक्या नेमकेपणाने बोलतील तितके कोणी पुढारी बोलणार नाही. त्यांना त्या सभेस पाठवा. घरचे काम त्या दिवशी पुरुषांनी करावे.

काळाचेही भान ठेवा. आराखड्याची तयारी बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत चालते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपली कितीतरी कुटुंबे ऊसतोडणीसाठी वा वीटभट्टीवर गाव सोडतात. जानेवारीच्या 26 तारखेस सभा भरते तेव्हा वस्तीतील अर्ध्या घरांना कुलूप. म्हणून 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा आपल्या समजा. गाव सोडण्यापूर्वी मागणी लेखी द्या, पोहोच घ्या, आणि मागे राहणाऱ्या जाणत्या माणसाकडे तिची प्रत ठेवा. स्थलांतराच्या काळात मुलांच्या लसी आणि गरोदर बायांची तपासणी कोण पाहणार, हा प्रश्नही त्याच मागणीत घाला.

आणखी एक नाजूक गोष्ट. वस्तीचा निधी लोकसंख्येच्या हिशेबाने ठरतो आणि ती लोकसंख्या नोंदीतून येते. 1990 च्या कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राने मान्य केल्या. ज्या जातीचे जोखड आपण फेकले तिचे नाव कागदावर लिहिताना हात अडखळतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु धर्माचा रकाना वेगळा आणि अनुसूचित जातीचा रकाना वेगळा. पहिल्यात निःसंकोच ‘बौद्ध’ लिहा. दुसऱ्यात आपल्याला लागू असलेली नोंद करा. ती नोंद म्हणजे श्रद्धा नसून झालेल्या अन्यायाची पावती आहे. पावती फाडून टाकणाऱ्याला भरपाई मागता येत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या वर्षी प्रत्येक वस्तीने एवढे करावे. लिहितावाचता येणाऱ्या दोन मुलामुलींनी एक वही घ्यावी आणि घरोघर जाऊन पाणी, शौचालय, आजार, बाळंतपण, म्हातारे व अपंग यांची नोंद करावी. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडील माहितीशी ती ताडून पाहावी. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ती वही सर्वांपुढे वाचावी आणि तीनच मागण्या एकमताने ठरवाव्यात. त्या मागण्या, पूर्वी आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणत होतो त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी द्याव्यात आणि ग्रामसभेत उभे राहून वाचाव्यात. मागच्या वर्षीच्या आराखड्याची प्रत मागून, आपल्या वस्तीच्या नावाने किती रक्कम मांडली व किती खर्च झाली, हे विचारावे. प्रत मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आहेच.

शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा हा आपला मार्ग आहे. आपल्या काळात शिकणे म्हणजे अंदाजपत्रक वाचता येणेही होय, आणि संघर्षाचे एक रणांगण ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आहे. तेथे आवाज चढविण्याची आवश्यकता नाही. हातात वही, वहीत खरे आकडे आणि पाठीशी सारी वस्ती एवढे असले म्हणजे पुरे. ज्या बाळाचा जन्म अजून व्हावयाचा आहे, त्याच्या वाट्याचे पाणी आणि औषध पुढील वर्षाच्या आराखड्यात लिहून घेणे हे आपले आजचे कर्तव्य आहे. ते दुसऱ्या कोणावर सोपवू नका.

जय भीम!