उन्हाळी, जळजळ आणि एक जुनी गोळी

उन्हाळा सुरू झाला की ‘डॉक्टर, उन्हाळी लागली’ ही तक्रार दवाखान्यात रोज ऐकू येते. तोवर घरी धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे सर्व उपाय झालेले असतात. पाणी कमी पडल्याने होणारी जळजळ त्यांनी थांबतेही. पण वारंवार लघवीला लागणे, थेंब थेंब होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ वा लालसर होणे अशी लक्षणे असतील तर तो बहुधा मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग असतो. स्त्रियांची मूत्रनलिका आखूड असल्याने आतड्यातील ई. कोलाय हे जंतू मूत्राशयात सहज पोहोचतात. म्हणून हा त्रास त्यांना अधिक.

अशा वेळी पुष्कळ जण थेट औषधाचे दुकान गाठतात. लाजेपोटी बाई स्वतः जात नाही, घरातल्या कुणाला तरी पाठवते. नॉरफ्लोक्सासिन किंवा सिप्रोफ्लोक्सासिनच्या चार गोळ्या येतात. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या फडताळात पडतात. या सवयीला माझा स्पष्ट विरोध आहे. अशा वापरामुळेच आज आपल्या देशात ई. कोलाय जंतू या गोळ्यांना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत.

याउलट नायट्रोफ्युरंटॉइन ही 1953 पासून वापरात असलेली गोळी अजून उपयोगी आहे. ती रक्तात फारशी साठत नाही. मूत्रपिंडातून झपाट्याने लघवीत उतरते आणि नेमकी तेथेच काम करते. गंमत अशी की जंतूंच्या अंगातील विकरेच तिला मारक रूप देतात. मग ती त्यांची प्रथिने, डीएनए अशा अनेक ठिकाणी एकदम घाव घालते. म्हणून जंतूंना पळवाट सापडणे अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला प्रथम वापरायच्या प्रतिजैविकांत स्थान दिले आहे, तर सिप्रोफ्लोक्सासिन जपून वापरायच्या गटात आहे.

मात्र ही गोळीही मनाने घेण्याची नव्हे. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तेथे ही गोळी पुरेशी पोहोचत नाही आणि तिच्या भरवशावर राहिल्यास मोलाचा वेळ जातो. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना, गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, एक महिन्याच्या आतील बाळाला आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांना ती देत नाहीत. गरोदर स्त्रिया, पुरुष आणि वारंवार त्रास होणाऱ्यांनी आधी लघवीची कल्चर तपासणी करावी.

साध्या संसर्गात ती साधारण पाच दिवस, जेवणासोबत घ्यावी लागते. लघवी गडद पिवळी वा तपकिरी होते, त्याने घाबरू नये. खोकला, धाप किंवा हातापायांना मुंग्या आल्यास मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटावे.

माझे आणखी एक सांगणे आहे. बाजारात, शाळेत, एस.टी. स्थानकावर स्वच्छ मुतारी नाही म्हणून आपल्या मुली-बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी तुंबवून ठेवतात. आजाराला तेथेच वाट मिळते. गोळ्यांवर खर्च करणाऱ्या गावाने आधी या सोयीसाठी नगरपालिकेकडे आग्रह धरावा. घरातल्या बाईनेही जळजळ अंगावर काढू नये. त्यात लाजण्यासारखे काही नाही.