लाईट गेली, व्होल्टेज नाही

हॅम रेडिओचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर घरी बांधणाऱ्यांची सगळी चर्चा ट्रान्सफॉर्मरवर. आपल्या वसई-विरारमध्ये मात्र आधी ब्लीडर रेझिस्टर ठरवावा, असं माझं मत. लाईट गेली की मोह होतोच, 'चला, तेवढ्यात डबा उघडून बघू!' आणि आत 50 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 2000 व्होल्टवर 100 ज्यूल धरून बसलेला. जीव घ्यायला पुरेसे. 100 किलोओहमचा ब्लीडर अर्ध्या मिनिटात तो रिकामा करतो, पण चालू असताना सतत 40 वॅट जाळतो, म्हणून काहीजण तो काढूनच टाकतात (काय ती बचत!). शिवाय रेझिस्टर न सांगता तुटतो. त्यामुळे 200-200 किलोओहमच्या दोन साखळ्या समांतर लावा. एक गेली तरी दुसरी मिनिटभरात काम उरकते. आणि लाईट परत येते ती न विचारता, तेव्हा प्लग काढून, अर्थिंगची काठी टेकवून मगच आत हात घाला.