बिनसाखरेची मिठाई आणि दुकानदाराची जबान

मधुमेहाचे रुग्ण आता खेड्यापाड्यांतही घरोघरी आढळतात आणि ईदच्या दिवशी त्यांनाही तोंड गोड करावेसे वाटते. त्यामुळे बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावातले आपले हलवाई व बेकरीवाले बांधव ‘शुगर फ्री’ मालाकडे वळत असतील, तर त्यात गैर काही नाही. मात्र हा माल विकण्यापूर्वी तो कशापासून बनतो, हे समजून घेणे गरजेचे आहे.

अशा मालात साखरेच्या जागी पुष्कळदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असते. शास्त्रात या वर्गाला ‘शुगर अल्कोहोल’ म्हणतात आणि हे नाव ऐकूनच काही बांधव हात मागे घेतात. वास्तविक रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. दारूत नशा आणणारा पदार्थ हा त्या कुळातला केवळ एक. सॉर्बिटॉलने नशा येत नाही आणि ते दारूसारखे आंबवूनही काढत नाहीत. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज तयार करतात आणि मोठ्या दाबाखाली, निकेलच्या साहाय्याने, त्याचा हायड्रोजन वायूशी संयोग घडवतात. मका तर आपल्या जिल्ह्यातही पिकतो. सफरचंद आणि नासपती या फळांत सॉर्बिटॉल मुळातच असते.

हलालची चौकशी करायचीच, तर ती ग्लिसरीनची करावी. हा पदार्थही याच कुळातला. केक व आयसिंग सुकू नये म्हणून तो वापरतात. तो वनस्पती तेलापासून निघतो, तसाच जनावरांच्या चरबीपासूनही निघतो. नुसते पाहून किंवा चाखून फरक कळत नाही. म्हणून ‘वनस्पतीजन्य’ असा लेखी उल्लेख पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

याहून गंभीर धोका सुट्या, बिनलेबलच्या मालाचा आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठ्यापासून तपासणीपर्यंतचा गैरकारभार उघड केला. चाळीस वर्षांनीही धडा पुरता गिरवलेला नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात याच विषाने भेसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. हे विष चवीला गोड असते, त्यामुळे जिभेला संशय येत नाही. औषध कारखान्यांनी ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि सॉर्बिटॉल हे तिन्ही पदार्थ वापरण्यापूर्वी तपासावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने बजावले आहे. औषधाच्या कारखान्याला जो नियम, तो मिठाईच्या कढईला नको काय?

काही बांधव म्हणतील, ‘आम्ही छोटे दुकानदार, प्रयोगशाळा कुठून आणणार?’ हे म्हणणे खरे आहे. पण पक्के बिल मागायला प्रयोगशाळा लागत नाही. डबा सीलबंद आहे काय, त्यावर ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख, अन्न परवान्याचा क्रमांक आणि बॅच क्रमांक आहे काय, एवढे तर पाहता येते. सॉर्बिटॉलचा क्रमांक ४२०, ग्लिसरीनचा ४२२ आणि माल्टिटॉलचा ९६५, हे तीन आकडे लक्षात ठेवावेत. एकट्याला सीलबंद माल परवडत नसेल, तर पाच-दहा जणांनी मिळून मागवावा आणि त्यासोबत तपासणीचा दाखलाही मागावा. स्वस्त मिळते म्हणून साबण किंवा रंगाच्या कारखान्यासाठीचा पिंप उचलणे हा व्यापार नव्हे.

गिऱ्हाइकालाही खरे सांगितले पाहिजे. एक ग्रॅम साखरेत सुमारे ४ कॅलरी असतात, तर सॉर्बिटॉलमध्ये सुमारे २.६. म्हणजे साखर नसली तरी कॅलरी आहेतच. माल्टिटॉलने रक्तातील साखर थोडीफार वाढते आणि खवा व मैद्याचा हिशेब वेगळाच. शिवाय हे पदार्थ जास्त खाल्ल्यास पोट फुगते व जुलाब होतात. म्हणूनच ज्या पदार्थात ते १० टक्के किंवा अधिक असतील, त्याच्या पाकिटावर तशी सूचना छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे.

पण काचेच्या कपाटातून तोलून दिलेल्या बर्फीला पाकीट कुठले? तिथे दुकानदाराची जबान हेच लेबल. ‘शुगर फ्री आहे, चाचा, हवी तेवढी खा’ असे म्हटल्याने आज पाव किलो जास्त खपेल, पण उद्या त्या वृद्धाची तब्येत बिघडली तर गिऱ्हाईकही जाईल आणि नावही. ‘यात साखर नाही, पण दोनच तुकडे खा आणि डॉक्टरांना विचारा’ असे सांगणाऱ्याची विक्री त्या दिवशी कमी होईल. परंतु त्याच्या दुकानावर लोकांचा भरवसा बसेल आणि छोट्या गावात धंदा चालतो तो भरवशावरच. हलाल रोजी ही मालाइतकीच तो विकताना बोललेल्या शब्दावरही अवलंबून असते, हे आपण विसरू नये.